खेचरचं रिकामं वजन

बाबा गेल्यानंतर दोन महिन्यांनी कारखान्यातून फोन आला. फोनवरच्या माणसाने आधी दुःख व्यक्त केलं आणि मग काम सांगितलं, आणि दोन्हींच्या मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. 'खेचर' विमान सेवेतून निवृत्त होत होतं. उरलेलं एकुलतं एक विमान फाटकासमोर चौथऱ्यावर बसवायचं होतं आणि त्या निमित्ताने एक स्मरणिका निघणार होती. मजकूर तयार होता, फक्त कुणीतरी त्याच्यावरून हात फिरवायला हवा होता.

"तुम्ही पुस्तकांचं संपादन करता असं कळलं," तो म्हणाला. "शिवाय तुम्ही घरच्याच."

घरच्याच म्हणजे फुकटात, हे न कळण्याइतकी ती लहान नव्हती. तरी तिने हो म्हटलं, कारण तिला त्या स्मरणिकेत एक वाक्य घालायचं होतं. वडिलांबद्दल तिला लहानपणापासून एक गोष्ट पक्की माहीत होती. खेचरच्या वजनाचा खोटा कागद पुढे आला तेव्हा बाबांनी सही करायला साफ नकार दिला, आणि त्याची शिक्षा म्हणून त्यांना वजनखात्यातून उचलून भांडारात टाकलं. तिथे नटबोल्टांच्या खणांत त्यांनी नोकरीची उरलेली एकोणीस वर्षं काढली. हे तिला कुणी समोर बसवून सांगितलं नव्हतं. दाराआडून ऐकलेलं, जेवताना मध्येच तुटलेलं, कुणा पाहुण्याने बोलून जीभ चावलेलं, असं जोडत जोडत तिने ते उभं केलं होतं. आता ते बाबांच्या नावासकट छापून यावं, एवढीच तिची इच्छा होती.

मजकूर आला. चौसष्ट पानं. त्यात 'उत्तुंग' हा शब्द अकरा वेळा होता. विमान कमी आणि विशेषणं जास्त उडत होती. ती लाल पेन्सिल घेऊन बसली.

खेचरचा जन्म एका समितीच्या पोटी झाला होता. समितीत नऊ जण होते आणि त्यांतल्या आठांनी विमानात बसून फक्त खिडकीबाहेर पाहिलं होतं. या नऊ जणांनी ठरवलं की दोन इंजिनांचं एक असं विमान करायचं, जे टपाल नेईल, चौदा प्रवासी नेईल, आजारी माणसाला खाटेसकट नेईल, जमिनीचे फोटो काढेल, पिकांवर औषध फवारेल, छत्रीधारी सैनिक खाली सोडेल आणि वेळ पडल्यास मंत्र्यांनाही घेऊन जाईल. एका बैठकीत कुणीतरी विचारलं होतं की यांतलं मुख्य काम कुठलं. इतिवृत्तात पुढे लिहिलं होतं, 'चर्चा पुढील बैठकीपर्यंत तहकूब.' ती पुढची बैठक कधी झाल्याची नोंद तिला सापडली नाही.

नाव ठेवणाऱ्या विद्वानाला 'खेचर' म्हणजे आकाशात फिरणारा एवढंच ठाऊक होतं. कारखान्यातल्या लोकांना ओझी वाहणारं, अडून बसणारं जनावर ठाऊक होतं. पहिला आराखडा पाहून ते म्हणाले, नाव बरोबर आहे.

आधी आणलेली इंजिनं अशक्त निघाली. मग दुसरी आणली. ती दणकट होती पण जड होती, म्हणून पंख वाढवले. पंख वाढले म्हणून शेपूट वाढवलं. शेपूट जड झालं म्हणून नाक लांबवलं. एखाद्याने झोपडीला माडी चढवावी आणि मग भिंती जाड करत सुटावं, तसा हा प्रकार अकरा वर्षं चालला. मसुद्यात याला 'अखंड संशोधनाचे पर्व' म्हटलं होतं. तिने ते खोडलं आणि 'दुरुस्त्या' असं लिहिलं.

एवढं करून तयार झालेली विमानं एकतीस. त्यांतली पाच टपालखात्याने घेतली, बाकीची ज्याच्या गळ्यात मारता आली त्याच्या. मागच्या आसनांवर बसणाऱ्याला उतरल्यावर तासभर ऐकू येत नसे. दार इतकं मोठं होतं की त्यातून पियानो आत जाई, पण ते बंद करायला दोन माणसं लागत. मात्र एक गोष्ट तिलाही कबूल करावी लागली. जिथे दुसरं कुठलं विमान उतरायला धजत नसे, त्या दगडगोट्यांच्या पट्टीवर खेचर उतरे, चिखलात रुते, आणि बाहेर काढून पुसलं की पुन्हा उडे. चाळीस वर्षं त्याने रोगी, पत्रं, प्रवासी आणि वर खतांची पोतीही वाहिली. समितीने ठरवलेल्या सात कामांपैकी तीन त्याने प्रामाणिकपणे केली. समितीने एकही केलं नव्हतं.

बाविसाव्या पानावर ती थांबली. तिथे दोन ओळी होत्या. 'चौथ्या विमानास सेवेच्या पहिल्याच वर्षी दुर्दैवी अपघात झाला. चौकशीअंती वैमानिकाच्या निर्णयातील चूक हे कारण निष्पन्न झाले.'

उड्डाण होताच त्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं होतं. दोन इंजिनं असतात ती याचसाठी, की एक गेलं तर दुसऱ्यावर परत यावं. पण विमान भरलेलं होतं आणि कागदावर होतं त्यापेक्षा जड होतं. ते धावपट्टीच्या पलीकडच्या शेतात कोसळलं. वैमानिक आणि टपालखात्याची तीन माणसं गेली. वैमानिकाची बायको तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेलेली होती. हे स्मरणिकेत नव्हतं, तिला ते आईकडून माहीत होतं.

जनसंपर्क अधिकाऱ्याच्या खोलीत खेचरची लाकडी प्रतिकृती टेबलावर होती. तिचा एक पंखा तुटलेला होता आणि डिंकाने वाकडा चिकटवलेला होता.

"फारच लाल केलंत हो ताई," तो पानं चाळत म्हणाला. "'उत्तुंग' सगळे उडवलेत?"

"एक ठेवलाय. हँगरच्या छपराला. ते खरंच उंच आहे."

तो हसला. हसणं हा त्याच्या कामाचाच भाग असावा. मग ती बाविसाव्या पानावर आली. वजनाचा आकडा खोटा होता, तिच्या वडिलांनी सही नाकारली होती आणि हे छापायला हवं, असं तिने सांगितलं.

"कागद आहे?"

"तुमच्याकडे असेल."

"आमच्याकडे?" त्याने दोन्ही हात वर केले. "ताई, आमच्याकडे परवाच्या बैठकीचा कागद सापडत नाही. तुम्ही पुरावा आणा, मी स्वतः वर नेऊन देतो. तोपर्यंत चौकशी समितीचंच खरं."

समिती म्हटल्यावर त्याचा आवाज आपोआप मऊ झाला.

वजनखात्यात बाबांच्या हाताखाली एकच माणूस टिकला होता. जाड चष्म्यामुळे सगळे त्याला ढापण्या म्हणत आणि ती ढापण्याकाका म्हणे. खुद्द बाबांना कारखाना 'तोळामासा' म्हणे, कारण वजन करताना ते माणसांना खोकूही देत नसत. विमान आत घ्यायचं, तीन चाकांखाली तीन काटे, हँगरची दोन्हीकडची दारं बंद, पंखे बंद, आणि मगच आकडा वाचायचा. पंखांवरून वारा गेला की ते विमानाला उचलतात, जागच्या जागीसुद्धा. उघड्यावर केलेलं वजन म्हणजे थाप, असं बाबा म्हणत.

काका सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत. इंजिनांनी त्यांचे कान गेले होते, त्यामुळे ते गुपितंसुद्धा ओरडून सांगत.

"लिहून? काय लिहून देऊ?"

"बाबांनी सही केली नाही हे. तुम्ही तिथे होतात ना?"

काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"चहा घेणार?"

"काका."

"अगं, कशाला उकरतेस? म्हातारा गेला. बरा गेला. झोपेत गेला."

"तुम्ही तिथे होतात ना?" तिने मोठ्याने विचारलं.

"होतो! शनिवार होता. परवाना देणारे निरीक्षक आले होते, तिघं. रिकामं विमान तेवीसशे किलोच्या आत हवं होतं. नाहीतर गाशा गुंडाळा, असा हुकूम होता. आम्ही आतला रंग खरवडला, पायाखालच्या सतरंज्या काढल्या, तरी वरच जायचं. तर कारखान्याचे मुख्यसाहेब काय म्हणाले? म्हणाले, निरीक्षकांना उकडतंय, दारं उघडा. दोन्हीकडची. वारा असा समोरून! मग म्हणाले, आपले फ्लॅप केवढे आहेत ते दाखवा साहेबांना. फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या फळ्या, उतरताना खाली करतात, विमान उचलून धरायला. ते केले खाली. आणि वर करायला कुणी सांगितलंच नाही. बस. खोटं असं कुणी बोललं नाही हो! सगळे हवा खात उभे होते. काटा आला बावीसशे शहाण्णववर."

"आणि बाबांनी सही केली नाही."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग उठून ते कपाटाशी गेले आणि कपड्यांखालून एक पुठ्ठ्याची घडी काढली. आत वजनपत्रकाची कार्बन प्रत होती, निळी, कडा तांबूस पडलेली. खाली सहा सह्या होत्या. पहिली बाबांची होती. तिच्या प्रगतिपुस्तकांवर असे तशीच, शेवटच्या अक्षराखाली टिंब दिलेली. डाव्या हाताला 'शेरा' नावाचा बोटभर रकाना होता आणि त्यात बाबांच्या मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'दारे उघडी. वारा समोरून. फ्लॅप खाली.'

"बघ," काका ओरडले, पण जरा चाचरत. "लिहिलं होतं त्यांनी. लपवलं नाही. वरच्या पाच जणांनी वाचलं नाही, त्याला ते काय करणार?"

खोटं बोलतानाही खाली शेरा लिहून ठेवणारा माणूस, तिच्या मनात आलं. आणि पाठोपाठ हेही आलं, की हा तिरस्कार तिने आजवर फक्त समितीसाठी राखून ठेवला होता.

"का केली सही?"

"अकरा वर्षं गं," काका म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "बाकीच्यांना पगार चालू राहायला हवा होता. तुझ्या बाबांना ते विमान उडताना बघायचं होतं. पहिल्या पाच विमानांचं वेगळं वजनच केलं नाही, हाच आकडा चिकटवला. चौथं पडलं त्या दिवशी ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत."

किती वजन वाऱ्याने खाल्लं असेल, असं तिने विचारलं. काका म्हणाले, "नव्वदएक किलो. एक धट्टाकट्टा माणूस समज."

घरी आई वाटाणे सोलत बसली होती. हातातली शेंग न सोडता तिने विचारलं, "काय म्हणाला ढापण्या?"

"सही बाबांची आहे."

"हं."

"तुला माहीत होतं?"

"त्यांच्याशी लग्न मी केलं होतं, तू नाही."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तू आपली ठरवून मोकळी! चौदा वर्षांची होतीस. बापाकडे बघायचीस ते असं, जसं काही चौकातला पुतळाच. मैत्रिणींना सांगत फिरायचीस, माझे बाबा वाकले नाहीत. त्यांनी एकदा ऐकलं ते. दोन दिवस जेवले नाहीत. मी म्हटलं, सांगून टाका पोरीला. तर म्हणाले, राहू दे."

"आणि भांडारात कुणी टाकलं त्यांना?"

"टाकतंय कोण! स्वतः अर्ज केला. अपघातानंतर आठवड्याने. मुख्यसाहेब तर बढती द्यायला निघाले होते." आईने टोपलं पुढे सरकवलं. "आता सोड ते. झाकली मूठ राहू दे. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही."

"वैमानिकही मेलेलाच आहे."

वाटाणे सोलून झाले होते, तरी आई टरफलं चाचपत राहिली.

तीन दिवस तिने बाविसाव्या पानाला हात लावला नाही. एवढी पुस्तकं वाचून, लोकांची आत्मचरित्रं दुरुस्त करून, आपल्याच घरातलं एक साधं माणूस तिला वाचता आलं नव्हतं. हे तिला फार लागलं. रडू मात्र आलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिने एक परिच्छेद लिहिला आणि कार्बन प्रतीसह जनसंपर्क अधिकाऱ्यासमोर ठेवला.

त्याने तो दोनदा वाचला. हसणं बंद झालं होतं.

"ताई, पण यात तर तुमच्याच वडिलांचं नाव येतंय."

"हो."

"तुम्ही तर म्हणत होतात की त्यांनी…"

"मी चुकीचं म्हणत होते."

त्याने खुर्ची जवळ ओढली. "हे बघा, मार्ग आहे. 'वैमानिकाची चूक' काढून टाकू. तिथे लिहू 'तांत्रिक कारणामुळे'. वैमानिक सुटला, तुमचे बाबा सुटले, आम्हीही सुटलो. वर दालनात तुमच्या बाबांचा फोटो लावू, मुख्यसाहेबांच्या शेजारी."

"चार माणसं कशाने मेली मग?"

"तांत्रिक कारणाने!" तो उत्साहाने म्हणाला.

क्षणभर तिला ते हवंहवंसं वाटलं, हे तिला नंतर कधी नाकारता आलं नाही. फोटोतले बाबा कसे दिसतील हेही तिने मनात पाहिलं. मुख्यसाहेबांच्या शेजारी, अंग चोरून.

"नको," ती म्हणाली. "हाच परिच्छेद. नाहीतर माझं काम परत घेते, आणि अकराही 'उत्तुंग' तुमचे तुम्ही लावा. ही प्रत मी दुसरीकडेही छापू शकते."

त्याने सुस्कारा टाकला, घड्याळ पाहिलं, छापखान्याची तारीख पाहिली. शेवटी तिच्या बाजूने उभा राहिला तो त्याचा आळस. "नाहीतरी स्मरणिका कोण वाचतंय," तो पुटपुटला. मग त्याला काहीतरी सुचलं आणि चेहरा खुलला. "पण मृत कर्मचाऱ्याबद्दल आहे. घरच्यांचं ना-हरकत पत्र लागेल. मुलीचं चालत नाही, पत्नीचं लागतं."

त्याने छापील नमुना काढून दिला. आई सही करणार नाही, अशी त्याची खात्री दिसत होती. तिचीही तीच होती.

संध्याकाळी तिने दोन्ही कागद आईपुढे ठेवले. आईने चष्मा शोधला, तो पदराने पुसला, आणि पाठ्यपुस्तक वाचावं तसं बोट फिरवत अर्धवट मोठ्याने वाचलं. 'विमानाचे वजन उघड्या दारांत, वाऱ्यात व फ्लॅप खाली असताना करण्यात आले. त्यामुळे ते प्रत्यक्षापेक्षा सुमारे नव्वद किलोने कमी भरले. हे वजनखात्याच्या प्रमुखांना माहीत होते. तसा शेरा लिहून त्यांनी पत्रकावर सही केली. हाच आकडा चौथ्या विमानास लावण्यात आला. एका इंजिनावर ते विमान परत आणणे वैमानिकाच्या हाती नव्हते.' आणि मध्ये बाबांचं पूर्ण नाव. तिथे आईचं बोट जरा थांबलं.

"सुमारे?" आई म्हणाली.

"काय?"

"सुमारे नव्वद म्हणजे काय? भाजी आहे का ती? ब्याण्णव किलो."

"तुला काय माहीत? काकांनासुद्धा नक्की…"

"ढापण्या तेव्हा त्याच्या घरी होता. रविवार होता. निरीक्षक जेवून आदल्या दिवशीच गेले होते, विमान काट्यांवर तसंच उभं होतं. हे गेले एकटे. दारं लावली, पंखे बंद केले आणि तिन्ही काटे वाचले. तेवीसशे अठ्ठ्याऐंशी. घरी आले, बूटही काढले नाहीत. दारातच मला म्हणाले, ब्याण्णव."

बाहेर कुणीतरी जिन्यावरून सामान ओढत होतं.

"म्हणजे त्यांना आकडा माहीत होता," ती म्हणाली. "अपघात कधी झाला?"

"चार महिन्यांनी."

"चार महिने, आई."

"सोमवारी सांगतो म्हणाले होते," आई म्हणाली. "मग म्हणाले, पुढच्या सोमवारी. मग मीच विचारायचं सोडलं. तेही लिहायचं तर लिही."

"ते नको. तू त्यात नाहीस."

"बरं. पण रविवारचं लिही. आणि ते 'सुमारे' काढ आधी."

तिने 'सुमारे नव्वद' खोडून 'ब्याण्णव' लिहिलं. शेऱ्याच्या वाक्यापुढे आणखी एक वाक्य घातलं. 'दुसऱ्या दिवशी त्यांनी दारे बंद करून पुन्हा वजन केले व खरा आकडा त्यांना कळला; तो त्यांनी कोणासही कळवला नाही.' वाक्य लिहून झाल्यावर तिने सवयीने ते पुन्हा तपासलं. त्यात काढण्यासारखं काही नव्हतं.

आईने कागद ओढून घेतला आणि नवं वाक्य वाचलं. मग ना-हरकत पत्राच्या तळाशी, नेमून दिलेल्या रेघेवर, सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट.